विलायतेची वाट

घरात पृथ्वीचा गोल असेल तर तो मुलांच्या टेबलावरून जरा खाली उतरवा आणि आकाशकंदील बांधून उरलेला दोरा हाती घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर ठेवा, दुसरे लंडनवर, आणि दोरा ताणून घट्ट धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटत असते की विलायतेची सरळ वाट अरबस्तानावरून आणि इजिप्तच्या डोक्यावरून जात असेल. गोलावरचा दोरा निराळेच सांगतो. तो मुंबईहून वायव्येस निघतो, जवळजवळ कराचीच्या माथ्यावरूनच जातो, इराणचा पूर्वेकडील वाळवंटी मुलूख ओलांडतो, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग कापतो, आणि मग कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंडची दक्षिण सीमा, जर्मनी असे करीत लंडनला पोहोचतो. लांबी भरते सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांना थोडी कमी.

हे अंतर नाना फडणिसांच्या वेळीही एवढेच होते. तेव्हा या वाटेने पत्र जायला पाच-सहा महिने लागत. आज विमान नऊ-दहा तासांत जाते. हा सगळा वेगाचा पराक्रम, असे आपण समजतो. पण गेल्या अडीचशे वर्षांतल्या या वाटेची हकीकत बारकाईने पाहू लागलो की दुसरीच गोष्ट ध्यानात येते. प्रवासातला वेळ चालण्यात जितका जातो त्याहून अधिक तो थांबण्यात जातो. एस. टी.ने कोकणात जाणाऱ्या माणसाला हे मुद्दाम सांगायला नको. वाऱ्यासाठी थांबा, पाण्यासाठी थांबा, कोळशासाठी थांबा, पेट्रोलसाठी थांबा, आणि सर्वांत लांबचा थांबा म्हणजे कोणाच्या तरी परवानगीसाठी. मुंबई आणि लंडन जवळ आली ती हे थांबे एकेक करून गळत गेले म्हणून. आणि हे थांबे कोणाच्या ताब्यात होते, यावर आपल्याकडच्या कित्येक माणसांचे नशीब टांगलेले होते.

शिडाच्या गलबताची वाट आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाई. ती सुमारे १०,७०० सागरी मैलांची, म्हणजे आपल्या दोऱ्याच्या जवळजवळ पावणेतीन पट. शिवाय ती वाऱ्याच्या मर्जीची. नैर्ऋत्य मोसमी वारा धरून यायचे आणि ईशान्येचा वारा धरून जायचे. हंगाम चुकला की महिनोन् महिने बंदरात. फार निकडीचा कागद असला तर कंपनी सरकार तो बसऱ्याहून वाळवंटातल्या वाटेने अलेप्पोकडे धाडी. तरीही तीन-चार महिने ठरलेले.

याचा परिणाम मराठ्यांच्या इतिहासावर कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला तो मार्च १७७५ मध्ये. साष्टी-वसईच्या मोबदल्यात इंग्रजांनी त्यांना पेशवाई मिळवून द्यावी, असा तो करार. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला तो पसंत पडला नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला आणि सुरतेचा तह मोडीत काढला. प्रकरण मिटले, असे कोणालाही वाटावे. तोच ऑगस्टमध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांचे पत्र येऊन थडकले. सुरतेचा तह आम्हांस मान्य आहे, मिळालेला मुलूख सोडू नये! संचालकांनी ते लिहिले तेव्हा पुरंदरला काय झाले हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. मेलेल्या तहाला समुद्रापलीकडून जीवदान आले. मुंबईकर इंग्रजांना तेवढे निमित्त पुरेसे होते. राघोबांना आश्रय मिळाला, कारस्थाने पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून वडगावला येऊन शरण गेली. लढाईची कारणे इतरही होतीच. पण एक पत्र वेळेवर आले असते तर निदान ते निमित्त उरले नसते.

राघोबादादांनाही विलायतेचे हे अंतर एकदा स्वतः तोडून पाहावेसे वाटले. ते गेले नाहीत. त्यांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर पारशी पितापुत्र पाठविले. ही मंडळी १७८१ साली लंडनमध्ये होती. एडमंड बर्कने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचेचे झाडघर मोकळे करून दिले. इंग्लंडच्या थंडीत, काचेच्या घरात चूल पेटवून भात शिजवणारा हा पुणेरी वकील डोळ्यांसमोर आणा! त्याच्या कामाचे फळ मात्र काही आले नाही. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि राघोबांचा दावा कायमचा निकालात निघाला. धन्याचा खटला येथे संपला तो विलायतेला न विचारता.

वाफेने ही वाट बदलली असे पाठ्यपुस्तकांत असते. बदलली खरी, पण कशी, ते ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीने दाखविले. ही बोट मुंबईच्या गोदीत, वाडिया मेस्त्रींच्या हाताखाली बांधलेली, ४११ टनांची, दोन्ही अंगांना चाके असलेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. तिच्या पोटात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी तिची बांधणी, आणि पहिलाच पल्ला एडनपर्यंतचा, अकरा दिवसांचा. मग काय, उतारूंच्या खोल्या, दिवाणखाना, वरचा तक्ता, जेथे जागा तेथे कोळसा भरला. बोट एडनला लागली तेव्हा कोठार जवळजवळ रिकामे झाले होते. तेथे कोळसा, मोखाला कोळसा, जेद्द्याला कोळसा. २२ एप्रिलला ती सुएझला पोहोचली. या तेहतीस दिवसांपैकी चाके फिरली ती सुमारे एकवीस दिवस; बाकीचे सारे दिवस टोपल्यांनी कोळसा चढवण्यात गेले. आणि तो कोळसा तरी कोठला? त्या काळी या बोटींचा कोळसा मुख्यतः विलायतेहून शिडाच्या गलबतांतून, केपला वळसा घालून येई. जलद टपालासाठी लागणारे सरपण सहा-सहा महिने आधी मंद टपालाच्या वाटेने निघालेले असे. पावसाळ्यात तर या बोटींचे मोसमी वाऱ्यापुढे काही चालत नसे. तरीपण पत्र दोन महिन्यांच्या आसपास लंडनला पोहोचू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

एडनच्या खडकाळ बंदरावर इंग्रजांनी जानेवारी १८३९ मध्ये कब्जा केला तो याच कोळशासाठी. पुढे जवळजवळ शंभर वर्षे, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. विलायतेच्या वाटेवरचा एक थांबा मुंबई इलाख्याचा भागच होऊन बसला.

सुएझहून पुढची वाट जमिनीवरची. उंटांच्या काफिल्यातून कैरो, तेथून नाईल नदीतल्या होड्या आणि कालव्याने अलेक्झांड्रिया, आणि तेथून पुन्हा बोट. या वाटेमागे हात धुऊन लागला तो टॉमस वॅगहॉर्न नावाचा एक आरमारी माणूस. १८२९ च्या अखेरीस टपाल घेऊन तो स्वतः लंडनहून निघाला. सुएझला यायची ती आगबोट आलीच नाही, तेव्हा हा बहाद्दर उघड्या होडीत बसून तांबड्या समुद्रात उतरला आणि ‘ह्यू लिंडसे’ निघाली त्याच सुमारास मुंबईला दाखल झाला. वाळवंटात त्याने विसाव्याच्या जागा उभ्या केल्या, घोड्यांच्या गाड्या चालू केल्या. मोठ्या कंपन्यांनी ती वाट पुढे ताब्यात घेतली आणि वॅगहॉर्न १८५० साली कर्जात मेला. वाट शोधणाऱ्याला बहुधा जकातनाक्याचे उत्पन्न मिळत नाही.

आता या काळातल्या एका मराठी माणसाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० साली ते तेथे पोहोचले आणि परत निघाले ते १८५३ अखेर. जवळजवळ चौदा वर्षे! या चौदा वर्षांत वाट किती सुधारली पाहा. मध्यंतरी सुएझची आगबोट नेमाची झाली, टपालाचे दिवस ठरले, मुंबईचे पत्र दीड महिन्यात हाती पडू लागले. रंगो बापूजी इंग्रजी शिकले, अर्जांमागून अर्ज छापले, कंपनीच्या भागीदारांच्या सभेत उभे राहून भाषणे केली, पैशाची ओढ सोसली. काशीला महाराज ऑक्टोबर १८४७ मध्ये वारले. ती वार्ता लंडनला चांगली जलद पोहोचली असेल. १८४८ साली वारस नाही म्हणून सातारचे राज्य खालसा झाले. तीही वार्ता जलद पोहोचली. उत्तर तेवढे पोहोचले नाही. ते समुद्रात अडकलेलेच नव्हते. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत ते पडून होते आणि त्या थांब्याला कोळसा लागत नाही, वारा लागत नाही.

परत आल्यावर १८५७ साली साताऱ्याच्या कटात रंगो बापूजींचे नाव आले. त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला. ते स्वतः सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. मीरत येथे १० मे रोजी उठाव झाल्याची बातमी लंडनच्या लोकांनी वाचली ती जून संपता संपता. दीड महिना. हा दीड महिनाही राज्यकर्त्यांना फार वाटला आणि त्यानंतर तारायंत्रासाठी त्यांची धावपळ सुरू झाली. इराणच्या आखातातून तार जोडली गेली १८६५ साली. मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकण्याचे काम ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने १८७० साली केले, आणि त्या वर्षापासून लंडनचा शब्द मुंबईला काही मिनिटांत ऐकू येऊ लागला. तेव्हापासून बातमीची वाट आणि माणसाची वाट वेगळ्या झाल्या. आधी दोघी एकाच बोटीत बसत.

माणसाची वाट सुधारली सुएझच्या कालव्याने. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो खुला झाला आणि केपचा वळसा संपून मुंबई–लंडन सागरी अंतर सव्वासहा हजार सागरी मैलांवर आले. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत फिलियस फॉग जे वेळापत्रक मांडतो त्यात लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा दिवस धरले आहेत. कथा १८७२ सालची. म्हणजे वीस दिवस, तेही युरोपचा बराचसा भाग आगगाडीने कापून. पुढे तीस वर्षांत हे टपाल दोन आठवड्यांवर आले. दर आठवड्याला विलायती टपालाची बोट मुंबईच्या बंदरात लागे, आणि तो दिवस पेढ्यांवर, कचेऱ्यांत आणि वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत ध्यानात धरलेला असे. १९०६ साली सावरकर लंडनला गेले आणि तेथून ‘विहारी’ व ‘काळ’ या पत्रांना बातमीपत्रे धाडू लागले, ती याच टपालाने. लंडनच्या सभेत झालेला टाळ्यांचा कडकडाट पुण्याच्या वाचकाला पंधरा-वीस दिवसांनी ऐकू येई, आणि तरी तो ताजाच वाटे.

येथवर दोऱ्याची वाट कोणीच धरली नव्हती. जमिनीवरून ती धरणे अशक्यच. डोंगर, वाळवंट आणि राजेरजवाडे आडवे. विमान आले तेव्हा वाटले, आता सुटलो. आकाशात कोळशाची वखार नाही की जकातनाका नाही. पण विमानाचे पहिले वेळापत्रक वाचले म्हणजे हसू येते. इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. लंडनच्या क्रॉयडन तळावरून विमानाने बाझल. तेथून रात्रीच्या आगगाडीने जिनोआ! जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्राच्या बंदराबंदराने अलेक्झांड्रिया, आणि तेथून दुसऱ्या विमानाने बगदाद, बसरा, इराणचा किनारा आणि कराची. सात दिवस, आणि भाडे १३० पौंड. रात्री विमान उडत नसे. उतारू खाली उतरून जेवत, झोपत, पहाटे पुन्हा चढत. ट्रान्सजॉर्डन आणि बगदाद यांच्यामधल्या वाळवंटात वाट चुकू नये म्हणून इंग्रजांच्या विमानदलाने १९२१ सालीच जमिनीवर शेकडो मैल खूण उमटवून ठेवली होती; कोठे मोटारींच्या चाकांची, तर कोठे नांगराच्या तासाची. वैमानिक ती पाहत पाहत उडे. विमानाला वाट दाखवायला नांगर!

परवानगीचा थांबाही लवकरच आला. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडण्याची दिलेली मुभा संपली आणि १९३२ साली विमानांना समोरच्या अरबी किनाऱ्यावर जावे लागले. तेथे शारजाच्या शेखाशी करार करून वाळूत एक धावपट्टी केली आणि उतारूंना रात्री मुक्कामाला किल्ल्यासारखी भक्कम तटबंदीची इमारत बांधली. मोती काढणाऱ्या त्या लहानशा गावात लंडनचे साहेब पाटलोणीला इस्त्री करून जेवायला बसत.

मुंबई मात्र या वाटेवर नव्हतीच. लंडनहून सात दिवसांत कराचीला आलेले पत्र पुढे आगगाडीने मुंबईस यायचे. दोरा कराचीवरून जातो, हे आपण पाहिलेच आहे; त्यामुळे विमानाच्या युगात हिंदुस्थानचा दरवाजा मुंबईहून कराचीला सरकला. हा दरवाजा पुन्हा मुंबईला जोडण्याचे काम ज्याने केले तो तरुण १९२९ साली, या देशात दिलेल्या वैमानिकाच्या परवान्यांपैकी पहिला परवाना मिळवून बसला होता. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. १९३० साली आगाखानांनी, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. मुदत एक महिन्याची. टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले आणि दोघे आपापल्या दिशेने उडाले. बक्षीस जिंकले ते अस्पीने. हाच मुलगा पुढे १९६० साली भारताच्या हवाईदलाचा प्रमुख झाला. मला ही गोष्ट नेहमी वेगाच्या साऱ्या विक्रमांहून मोठी वाटत आली आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी लहानशा ‘पस मॉथ’ विमानातून टपालाची थैली घेऊन कराची सोडली. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आले. ते भरून टाटा मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले आणि पुढचे टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. एवढ्या खटाटोपाने लंडनचे पत्र मुंबईकराला दोनेक दिवस आधी मिळू लागले.

कराचीचा प्रश्न १९४७ साली वेगळ्याच रीतीने सुटला. दरवाजा दुसऱ्या देशात गेला. मुंबईला आता आपली स्वतःची विलायतेची वाट हवी होती, आणि ती मिळाली ८ जून १९४८ च्या रात्री. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन सांताक्रूझहून उडाले. त्यांत टाटा स्वतः होते, नवानगरचे जामसाहेब होते आणि लंडनच्या ऑलिंपिकला निघालेले दोन सायकलपटूही होते. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. १० जूनला विमान लंडनला उतरले. आठवड्याला एक फेरी आणि भाडे १,७२० रुपये. १९२९ सालच्या १३० पौंडांचे त्या वेळच्या दीड शिलिंगच्या भावाने रुपये केले तर ते होतात १,७३३. वीस वर्षांनी भाडे तेवढेच, वाट अधिक लांबची आणि दिवस सातांवरून दोनाच्या आत. पण १,७२० रुपये ही त्या काळी साध्या कारकुनाची वर्षा-दीड वर्षाची कमाई होती, हेही विसरून चालणार नाही. विद्यार्थी आणि खलाशी पुढे कित्येक वर्षे बॅलार्ड पिअरवरून बोटीनेच गेले.

तरीही खलाशी विमानात बसले, आणि त्यांची आठवण दुःखाची आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. अठ्ठेचाळीस माणसे गेली. उतारूंपैकी बहुतेक हिंदी खलाशी होते. युरोपात आपल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेले. ज्यांच्या बापजाद्यांनी हीच वाट शिडाने आणि कोळशाने तोडली, ते समुद्राला भेटायला आकाशातून चालले होते. त्यांना शोधायला बर्फात चढलेला शामोनी गावचा एक वाटाड्याही दरीत गेला.

त्याच डोंगरावर, जवळजवळ त्याच जागी, २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान आदळले. ११७ माणसे गेली. डॉ. होमी भाभा त्यांत होते. ते व्हिएन्नाला अणुशक्तीच्या बैठकीस निघाले होते. विमानातले टपाल बर्फात गाडले गेले. हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि गिळलेले काही परत देते. ऑगस्ट २०१२ मध्ये बोसाँ हिमनदीच्या कडेला दोन स्थानिक माणसांना एक तागाची थैली सापडली. तिच्यावर भारताच्या परराष्ट्र खात्याची अक्षरे होती आणि आत जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे. २०२० साली आणखी काही अंक वर आले. त्यांतल्या ठळक मथळ्यांत इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान होणार, ही बातमी होती. विमान पडले त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला होता. केपला वळसा घालून जाणाऱ्या कुठल्याही गलबताने एवढा उशीर कधी लावला नव्हता.

एअर इंडियाची बोइंग ७०७ ही जेट विमाने १९६० साली लंडनला जाऊ लागली. ती ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत. आजची विमानेही साधारण त्याच वेगाने उडतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. साठ वर्षांहून अधिक काळ वेग जागच्या जागी आहे. मधले थांबे गेले, पेट्रोलची टाकी मोठी झाली, इंजिने कमी खाऊ लागली आणि विमान मुंबईहून उडाले की लंडनलाच उतरू लागले. वेळ वाचला तो सारा येथे. आवाजाहून जलद जाणारे ‘काँकॉर्ड’ १९७६ साली लंडनहून बहरीनपर्यंत येऊ लागले, पण भारताने आपल्या भूमीवरून त्या वेगाने जाण्यास मुभा दिली नाही, आणि ते प्रकरण आपल्या वाटेवर कधी नांदले नाही.

जाण्यापेक्षा येणे लवकर होते, हेही उतारूंच्या ध्यानात आलेले असेल. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. शिडाच्या काळी वारा महिने घेई, आता तो फार तर तासभर घेतो.

परवानगीचा थांबा मात्र गेलेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते जुलैमध्ये उघडले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. युक्रेनवरचे आकाश फेब्रुवारी २०२२ मधल्या आक्रमणापासूनच मिटले. म्हणजे आपल्या दोऱ्याने जो रस्ता दाखविला, त्यावरचा पहिलाच टप्पा बंद आणि शेवटाकडचा एक टप्पाही बंद. अशा वेळी मुंबईचे विमान कराचीकडे न वळता अरबी समुद्रावरून ओमान आणि आखाताच्या बाजूने निघते. १९३२ साली इराणने मुभा नाकारल्यावर विमाने ज्या किनाऱ्यावर सरकली, तो हाच. शारजाची ती तटबंदीची इमारत आता वस्तुसंग्रहालय आहे, आणि वाळूतली जुनी धावपट्टी शहरातला मोटारींचा रस्ता होऊन गेली आहे.